इतर

लग्नाच्या मांडवात माझी ओळख करून द्यायचं काम बहुतेक वेळा माझ्या थोरल्या वन्सं अंगावर घेतात. "ही आमची धाकटी वहिनी. संस्कृतची अभ्यासक आहे हं मोठी."

"संस्कृत नाही वन्सं, प्राकृत. प्राकृतातून मराठीत अनुवाद करते."

"तेच ते."

समोरच्या बाई चौकस असतात. "म्हणजे क्लास घेता?" नाही. "मग कॉलेजात?" नाही. "मग?" या 'मग'वर सगळं अडतं. मी सकाळी नऊला टेबलाशी बसते, दीडला उठते, चहा झाला की पुन्हा बसते. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बोललेलं आज मराठीत कसं बोललं जाईल ते लिहून काढते आणि त्याचे पैसे घेते. थोडे घेते आणि उशिरा घेते. एवढं सगळं सनईच्या आवाजात ओरडून सांगायचं कसं, याचा विचार करते आहे तोवर मठ्ठा येतो.

अलीकडे मात्र थोडा फरक पडलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याच निर्णयात पाली आणि प्राकृतलाही मिळाला. तेव्हापासून 'प्राकृत' म्हटल्यावर काही चेहऱ्यांवर ओळख उमटते. पण पुढचा प्रश्न लगेच येतो, "मग आपली मराठी नक्की किती वर्षांची ठरली?" आकडा हवा असतो. तो दिला की संवाद संपतो, समाधानानं. मी काय करते हा प्रश्न तिथेच राहतो.

बँकेत केवायसीचा फॉर्म भरायला गेले होते. व्यवसायाच्या रकान्यात नोकरी, व्यापार, शेती, गृहिणी, निवृत्त, आणि सगळ्यांत खाली इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या बोटभर जागेत 'अनुवादक' कोंबलं. काउंटरवरच्या मुलीनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझी खूण खोडून 'गृहिणी'वर केली. "इतर लिहिलं की सिस्टिम आणखी कागद मागते, काकू," ती म्हणाली. तिचा हेतू चांगलाच होता. मला घरी जायची घाई होती. मी सही केली.

या धंद्यात मी आले ती मार्कांच्या हिशेबानं. शाळेत संस्कृत घ्यायचं की अर्धमागधी असा पर्याय होता आणि अर्धमागधीला मार्क भरभरून पडतात अशी वदंता होती. जैन आगमांची भाषा, महावीरांच्या उपदेशाची म्हणून ओळखली जाणारी, मी टक्केवारी सुधारावी म्हणून शिकले. वर्गात आम्ही मूठभर मुली. सर मन लावून शिकवत आणि आम्ही मन लावून रूपं पाठ करत असू. पुढे कॉलेजात महाराष्ट्री प्राकृत भेटली. तिच्यात मधली व्यंजनं गळून जातात आणि नुसते स्वर उरतात. वाचताना वाटतं, कुणीतरी तोंडात पान ठेवून बोलतंय. पहिल्यांदा ती वाचली तेव्हा काही कळलं नव्हतं, पण घरातलंच कुणीतरी पलीकडच्या खोलीत बोलतंय असं वाटत राहिलं. ते वाटणं अजून गेलेलं नाही. बाकी रूपं आता बरीच विसरले, कोश उघडावा लागतो.

तर ओळख. स्वतःची ओळख करून देणं मला जमत नाही, पण ती कशी करून द्यावी याचे उत्तम नमुने मी रोज वाचते. सह्याद्रीतल्या लेण्यांत ते दगडावर कोरलेले आहेत.

कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. तिथे वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे. आपण पूर्ण केलेलं हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे, असं तो न संकोचता सांगतो. त्याचं म्हणणं खोडून काढावंसं आजही कुणाला वाटत नाही. तिथेच धेनुकाकटाचा सामी आहे, धंद्यानं सुतार, दाराचं काम त्याच्या नावावर आहे. त्याच गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. काही खांब यवनांनी दिलेत, आणि तेही आपलं गाव सांगायला विसरत नाहीत. नाशिकला मुगुदास नावाचा कोळी आहे, त्यानं कुटुंबासह एक लेणं दिलंय. कान्हेरीला कल्याणचा लोहार आहे. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं मिळून दान दिलंय. मी अमुक, अमुक गावचा, अमुकाचा मुलगा, अमुक काम करतो, हे दिलं. झालं. त्यात लाज नाही, स्पष्टीकरण नाही, 'म्हणजे तसं बघायला गेलं तर' नाही. कोळ्यानं 'कोळी' लिहवून घेतलंय आणि शेजारी राजाचा लेख आहे म्हणून त्याचा आवाज खाली गेलेला नाही.

राजघराण्याची ओळख मात्र लांबते. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. दान तिचं. म्हणजे तो लेख तिनं स्वतःची करून दिलेली ओळख म्हणून वाचायला हरकत नाही. पण ओळीमागून ओळी जातात त्या तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या वर्णनात. त्यानं कुणाकुणाला जिंकलं, त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी कसे प्याले, प्रजेच्या सुखदुःखात तो कसा सामील असे. आणि या सगळ्या पराक्रमांच्या गर्दीत एक विशेषण असं, की तो आईची सेवा अखंड करत असे. लेख लिहवून घेणारी कोण हे तिथे मला लख्ख दिसतं. मग शेवटी ती आपल्यापर्यंत येते: सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रमलेली, तप आणि उपवास करणारी, महाराजाची आई आणि महाराजाची आजी. स्वतःबद्दल सांगायला बसलेली बाई आधी मुलाचं पुराण संपवते आणि जागा उरली तर स्वतःचं थोडं सांगते. अशा दोघी-तिघी आमच्या इमारतीतही आहेत.

नाणेघाटात तर याहून गंमत आहे. जुन्नरकडून घाटमाथ्यावर गेलं की खिंडीच्या तोंडाशी ती गुहा लागते. आत डावी-उजवीकडे नागनिका राणीचा मोठा लेख: कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गायी, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दिले, सगळं आकड्यांसह. तिथले आकडे भारतातल्या फार जुन्या कोरीव आकड्यांपैकी आहेत. आणि मागच्या भिंतीवर एका ओळीत राजघराण्याचे पुतळे होते. प्रत्येकाच्या डोक्यावर नाव: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (हीच नागनिका) आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी, आणखी दोन कुमार. पुतळे केव्हाच फुटून गेलेत, खाली काहींची पावलं उरलीत, वर नावं आहेत. जगातल्या सगळ्या ओळखसमारंभांचं अंतिम स्वरूप पाहायचं असेल तर पावसाळा संपला की तिथे जाऊन यावं. वाट सोपी आहे, आणि जवळच घाटातल्या जकातीसाठी ठेवलेला म्हणतात तो दगडी रांजणही बघता येतो.

आता दुसरी बाजू. याच सातवाहनांच्या नावाशी जोडलेलं, याच मुलखातलं दुसरं धन म्हणजे हालाची गाथा सप्तशती. माझा पोटापाण्याचा बराच भाग तिच्यावर चालतो, म्हणून तिच्याबद्दल मी पक्षपाती आहे. नाव सप्तशती असलं तरी तिच्या निरनिराळ्या पाठपरंपरांत गाथा वेगवेगळ्या आहेत. सगळ्यांत सामाईक अशा सुमारे ४३० निघतात. आल्ब्रेश्त वेबर या जर्मन पंडितानं १८७० मध्ये तिचा पहिला भाग आणि १८८१ मध्ये संपूर्ण संहिता छापली. मराठीत स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली काढलेली जाडजूड आवृत्ती अजूनही माझ्या उशाशी असते. तिच्यातल्या प्रस्तावनेशी भांडण्यात माझे अनेक पावसाळे छान गेले आहेत.

तर या गाथांमध्ये कुणीही आपली ओळख करून देत नाही. नुसतं बोलणं आहे. दोन ओळींत एक आवाज येतो, काहीतरी म्हणतो आणि जातो. कोण म्हणालं? सून, सासू, मैत्रीण, निरोप पोचवणारी, गावच्या पाटलाची लेक? कुणाला म्हणालं? कशासाठी? गाथेत लिहिलेलं नसतं. टीकाकार तेवढं भरून काढतात: ही अमुक अमुकीला म्हणते आहे. गंगाधरासारख्या टीकाकाराला तर जिथे तिथे चोरटी भेटच दिसते. कधी कधी त्याला सांगावंसं वाटतं, अहो, पाऊस पडतोय एवढंच म्हणालीय ती. दगडावर सगळी ओळखच आहे, बोलणं नाही. गाथेत सगळं बोलणंच आहे, ओळख नाही. या दोहोंच्या मधे बसून मी काम करते. लेण्यातल्या सुताराच्या बायकोला गाथेतली एखादी ओळ बोलायला द्यावी असं पुष्कळदा मनात येतं. अनुवादकानं असं करायचं नसतं.

एक गाथा घेऊ. वाटसरू रात्रीपुरता घरात उतरलाय. नवरा प्रवासाला गेलेला. सून पाहुण्याला उजेडातच दाखवून ठेवते की सासू कुठे झोपते आणि ती स्वतः कुठे झोपते. तुम्हाला रात्रीचं दिसत नाही, तेव्हा अंधारात चुकून आमच्या अंथरुणावर येऊन पडू नका. संपली गाथा. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त ती उदाहरण म्हणून घेतली: शब्दांत नकार आहे आणि अर्थात आमंत्रण. गोदावरीकाठच्या बोलीतला हा चावटपणा काश्मीरच्या पंडितानं शास्त्राला पुरवला, याचा मला अजून अभिमान वाटतो, माझा त्यात काहीही हात नसताना.

पण टेबलाशी बसल्यावर आनंदवर्धन कामाला येत नाही. तिथे प्रश्न असा की ही सून त्या पाहुण्याला 'तू' म्हणेल की 'तुम्ही'? मूळ भाषेत हा पेच नाही, मराठीत तो टाळताच येत नाही. 'तू' म्हटलं की सलगी पहिल्याच शब्दाला उघडी पडते आणि गाथेचा जीव जातो. सासू कान देऊन पडलेली आहे हे विसरून चालत नाही. म्हणून मी तिला 'तुम्ही' म्हणायला लावलं, तेही जरा जास्तच अदबीनं; जितकी अदब जास्त तितकी सासू निर्धास्त आणि पाहुणा सावध. हा निर्णय घ्यायला एक अख्खा आठवडा गेला. त्या आठवड्यात मी काय केलं असं वन्संनी विचारलं असतं तर मी 'तू'चं 'तुम्ही' केलं असं सांगावं लागलं असतं.

इथे माझी खरी तक्रार येते. हे काम ऐकून घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक मायेनं म्हणतात, "किती छान छंद आहे!" आणि त्या पाठोपाठ, "आमच्या स्मरणिकेसाठी दोन पानं द्या ना करून. तुम्हाला काय, आवडच आहे." आवड आहे म्हणून मानधन नाही, हे तर्कशास्त्र फक्त आमच्याच वाट्याला का येतं? आवडीनं दात काढणाऱ्या डॉक्टरांना कुणी असं विचारत नाही.

थोडा अभ्यास केलेले लोक तर पुराव्यानिशी बोलतात. ते म्हणतात, पण प्राचीन भाषांचं हे क्षेत्र हौशी लोकांनीच उभं केलंय. आणि हे खोटं म्हणता येत नाही. ब्राह्मी लिपी वाचली जेम्स प्रिन्सेपनं, १८३७ साली. त्याची नोकरी टाकसाळीत, धातूंचा कस पाहण्याची. आधी बनारसला, मग कलकत्त्याला. बनारसला असताना त्यानं शहराचं सांडपाणी वाहून नेणारा भुयारी मार्ग बांधला, नदीवर पूल बांधला, घाटांची चित्रं काढली, हवामानाच्या नोंदी ठेवल्या. कोणत्याही बायोडाट्यात मावणार नाहीत इतके उद्योग. आणि लिपीचं कुलूप उघडलं कशानं? सांचीच्या कठड्यांवरच्या चिमुकल्या लेखांनी. ते सगळे शेवटी त्याच दोन अक्षरांनी संपतात हे त्यानं पाहिलं आणि ताडलं की हे 'दान' असणार: अमुकाचं दान, तमुकीचं दान. राजांच्या लांबलचक आज्ञापत्रांनी हार खायला लावली होती. साध्यासुध्या माणसांनी करून दिलेल्या आपापल्या एका ओळीच्या ओळखींनी वाट दाखवली. हा प्रसंग मला इतका आवडतो की मी तो संधी मिळेल तिथे सांगते, न मिळेल तिथेही. चाळिशी गाठता गाठता माणूस गेला, कामानं पिचून, हेही सांगते.

तिकडे जॉर्ज स्मिथ नोटांच्या छपाईचे ठसे कोरणारा. जेवणाच्या सुटीत ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन मातीच्या विटा बघता बघता तो कीलाक्षरं शिकला आणि १८७२ मध्ये गिल्गमेशच्या कथेतला महापूर त्यानं वाचून दाखवला. मायकेल व्हेंट्रिस वास्तुरचनाकार. १९५२ मध्ये त्यानं क्रीटची 'लिनियर बी' लिपी सोडवली. आपल्याकडे भाऊ दाजी लाड: मूळ गोव्यातले, मांद्र्याचे, मुंबईत नावाजलेले डॉक्टर, महारोगावर औषध शोधणारे, मुंबईचे शेरीफ, आणि उरल्या वेळात लेण्यांतले शिलालेख वाचणारे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या भगवानलाल इंद्रजींनी नाणेघाट आणि नाशिकच्या लेखांवर केलेलं काम आजही टाळून पुढे जाता येत नाही.

पण या यादीत माझे लाडके दामोदर धर्मानंद कोसंबी. तेही गोव्याचे. वडील धर्मानंद पालीचे महापंडित, मुलगा गणिती. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी, पुण्यात घर, रोज दख्खनच्या राणीनं जा-ये. नाणी हातात फिरून फिरून झिजतात, ती किती झिजली यावरून ती किती काळ चलनात होती हे काढता येईल, या एका कल्पनेपायी त्यांनी आहत नाण्यांच्या ढिगांचं वजन करून संख्याशास्त्र मांडलं. मग भर्तृहरीकडे वळले आणि शेकडो हस्तलिखितं चाळून १९४८ मध्ये शतकत्रयीची चिकित्सक आवृत्ती काढली. संस्कृतच्या कुठल्याही पंडिताला आयुष्यभराचं काम म्हणून पुरेल असं ते पुस्तक आहे. सुटीच्या दिवशी हातात काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर अश्मयुगीन गारगोट्या वेचत हिंडायचे, धनगरांशी, गावकऱ्यांशी देवांबद्दल बोलायचे. यातलं काम कुठलं आणि छंद कुठला? त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नसती. फार तापट होते म्हणतात.

तर लोक ही नावं सांगून मला म्हणतात, बघा, छंदच! मी म्हणते, बघा, पगार! प्रिन्सेपला टाकसाळ पोसत होती, भाऊ दाजींना दवाखाना, कोसंबींना गणित. हौसेला पाठीशी तनखा होता. मला कुठली टाकसाळ नाही. माझी टाकसाळ ही गाथाच आहे, आणि तिच्यातून नाणी फार सावकाश पडतात. तेव्हा कृपा करून तिला छंद म्हणू नका. तो माझा धंदा आहे, सामी सुताराचा होता त्याच अर्थानं.

छंद मला वेगळे आहेत. आणि आता त्यांच्याकडे येते, कारण तिथेही लोक मला गप्प बसू देत नाहीत.

मी गोधड्या शिवते. जुनी गजराची घड्याळं उघडते. अमावास्येच्या आसपास जमेल तेव्हा आकाश बघायला जाते. पुण्यात हौशी खगोलप्रेमींची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, तिथल्या लोकांनी मला व्याध आणि अगस्ती दाखवले, बाकी मी अजून चुकते. पन्नाशीनंतर पोहायला शिकले, वाईट पोहते. यांतला कुठलाही उद्योग सांगितला की सुशिक्षित माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला: "याचा अनुवादाला उपयोग होत असेल नाही?"

बरीच वर्षं मी 'हो' म्हणत असे. व्याख्यानात टाळी मिळत असे. गोधडी आणि अनुवाद यांची तुलना तर इतकी तयार पडलेली आहे की ती न करणाऱ्यालाच लोक चमत्कारिक समजतात. मी ती सोडून दिली. गोधडीत मला जुनी सुती लुगडी हातात धरायला आवडतात, दोन्ही बाजूंनी सारखा धावदोरा पडला की आवडतो, आणि डोकं बंद करून हात चालवता येतात हे सगळ्यांत आवडतं. ज्या साताऱ्याकडच्या शेजारणीनं मला शिकवलं ती तिला वाकळ म्हणते आणि माझ्या टाक्यांना नावं ठेवते. तिच्या मते मी पुस्तकी बाई, माझा दोरा भित्रा. बरोबर असेल.

घड्याळांचं असं की रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलं की किल्लीची बंद घड्याळं भाजीच्या भावात मिळतात. घरी आणून मागचं झाकण काढायचं, भिंग डोळ्याला, चिमटा हातात. बहुतेकांना काही झालेलं नसतं, नुसतं तेल सुकून चिकट झालेलं असतं. काहींची स्प्रिंग गेलेली असते, ती मला बदलता येत नाही. काहींना मी उघडल्यामुळे होतं. चालू झालेलं घड्याळ चार दिवस टिकटिकतं आणि मला झोप येत नाही म्हणून मी ते कुणाला तरी देऊन टाकते. यातून प्राकृतला काडीचा फायदा नाही, आणि तोच तर मोठा फायदा आहे. दिवसभर दुसऱ्याच्या शब्दाशी प्रामाणिक राहून आल्यावर, जिथे कुणाशी प्रामाणिक राहायचं नाही असं काहीतरी हवं असतं. घड्याळाला टीकाकार नसतो. बिघडलं तर बिघडलं.

अनुवादाला उपयोग होतो तो भलत्याच गोष्टींचा. एका गाथेत खाली मान घालून रडणाऱ्या मुलीला कुणीतरी समजावतंय: भाताची शेतं पिकून पांढुरकी व्हायला लागली म्हणून काय झालं, तागाचं शेत बघ, हरताळानं तोंड रंगवलेल्या नटीसारखं नटून उभं आहे. टीकाकार सांगतो की भेटीची जागा भाताच्या शेतात होती. कापणी झाली की आडोसा जाणार. आता नवा आडोसा तयार आहे. हे मला बुद्धीनं कळलं होतं. पण तागाच्या शेतात माणूस लपेल कसा, हे काही केल्या पटत नव्हतं. माझ्या डोक्यात ताग म्हणजे गुडघ्याएवढं काहीतरी. मग कुणाच्या तरी साखरपुड्याला जाताना आमच्या गाडीचं चाक पंक्चर झालं, आणि जिथे थांबलो तिथे रस्त्यालगत हिरवळीच्या खतासाठी लावलेला ताग फुलला होता. डोक्याच्या वर गेलेला, दाट, आणि शेंड्यांना पिवळाधमक. यजमान जॅक लावत होते, वन्सं मुहूर्ताच्या नावानं बोटं मोडत होत्या, आणि मी बांधावर उभी राहून त्या रडणाऱ्या मुलीला मनातल्या मनात म्हणत होते, खरंच गं, पुष्कळ आहे की आडोसा. आता या पंक्चरला मी माझ्या छंदांत लिहायचं का?

गेल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकांनी मलपृष्ठासाठी परिचय मागितला. साठ शब्द, त्याहून जास्त नको. मी मन लावून लिहिला. कुठल्या भाषेतून काम करते, कुठले ग्रंथ झाले, कुठला चालू आहे. आणि शेवटी, फार कोरडं वाटू नये म्हणून, 'फावल्या वेळात गोधड्या शिवतात'. पुस्तक छापून आलं. मलपृष्ठावर जागा कमी पडली असावी, कारण वरची तीन वाक्यं गळली होती. उरलं होतं ते माझं नाव, गाव आणि गोधड्या. सिमुक सातवाहनाची पावलं तरी उरली होती. प्रकाशकांना फोन केला. ते मनापासून दिलगीर झाले आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू म्हणाले. प्राकृत गाथांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती कधी निघते हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

पुस्तकावर पत्रं आली, ती मोजकीच. एका निवृत्त गृहस्थांनी त्या सुनेच्या 'तुम्ही'वर सविस्तर आक्षेप घेतला होता: ग्रामीण बाई वाटसरूला एकेरीच हाक मारील, तुम्ही तिला पुणेरी केलंत. चार पानी पत्र, अक्षर मोत्यासारखं, आणि मुद्दा असा की तो रात्री मला झोपू देईना. त्यांना उत्तर लिहायला घेतलंय, संपत नाहीये. दुसरं पत्र नागपूरकडच्या एका बाईंचं. गाथा त्यांनी वाचल्या होत्या की नाही कळायला मार्ग नव्हता. सासूबाई गेल्या, त्यांची सात-आठ लुगडी घरात आहेत, टाकवत नाहीत, नेसवत नाहीत, तर गोधडी करायची आहे. पण मधे चुण्या पडतात, काय करावं? या पत्राला मी त्याच संध्याकाळी उत्तर धाडलं. लुगडी कितीही विरलेली असली तरी चालतील, सुती मात्र हवीत. आधी धुऊन कडकडीत उन्हात वाळवा. काठ उसवून बाजूला ठेवा, ते शेवटी कडेला लावायला होतात. सगळ्यांत कमी फाटलेलं लुगडं वर आणि खाली, चिंध्या झालेली मधे. जमिनीवर सतरंजी घालून त्यावर थर पसरा, चारी बाजूंनी ताणून घ्या, लांब लांब टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवा, आणि मगच धावदोरा कडेकडून आत न्यायला घ्या. ते लांब टाके नंतर उसवून टाकायचे असतात.